लॅसिटर आमचाच

५ मार्च, बुधवार
चर्चमधून कपाळावर राख लावून आलो, उपासाचे दिवस सुरू. ईस्टरपर्यंत काय सोडणार, असं फादरनी सगळ्यांना विचारलं. मी मनातल्या मनात ठरवलं: रेडिओला फोन करणं सोडायचं. बिग डॉमच्या दुपारच्या कार्यक्रमात मला नुसत्या आवाजावरून ओळखतात. 'ईस्ट साइडचा चेट.' पण डॉक्टर म्हणतात, ब्लडप्रेशर त्याच वेळी चढतं.
जीनेट म्हणाली, त्यापेक्षा बीअर सोड, ते तुला जमेल. बायकोचा विश्वास हा असा.
तसंही आता बोलायचं काही उरलेलं नाही. काम झालंय. आमचे हेरॉन्स, एरीचा फुटबॉल संघ, गेल्या हंगामात इतक्या सफाईने हरले, की ड्राफ्टमध्ये तिसरा नंबर मिळाला. कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं समोर, आणि जो जास्त हरला त्याने आधी उचलायचं. पहिल्या दोन संघांकडे क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारे मुख्य गडी, आहेत. म्हणजे ट्रे लॅसिटर आमचाच. चेंडू असा फेकतो की झेलणाऱ्याने नुसते हात पुढे करायचे. असा हात एरी शहराने माझ्या डोक्यावर केस होते तेव्हा पाहिला होता.

९ मार्च, रविवार
लोरेटाकडे जेवण. पिएरोगी, तिच्या त्या बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, उत्तम. माझी धाकटी बहीण, पण माझ्याशी मोठ्या बहिणीसारखी वागते.
तिचा कॅझ पण यंदा ड्राफ्टमध्ये आहे. सेंटर खेळतो. म्हणजे सगळ्यांच्या मधोमध वाकून बसायचं, दोन पायांमधून चेंडू मागे क्वार्टरबॅकला द्यायचा आणि लगेच समोरच्या धिप्पाड माणसाला अडवायचं. टीव्हीवर त्याची पाठच दिसते. कॉलेज लहानसं, नाव सांगितलं तर लोक 'कुठं आलं ते?' विचारतात. तरी दोन संघांची माणसं त्याला बघून गेली म्हणे.
त्याचे वडील गेले तेव्हा तो पाचवीत होता. चेंडू धरायला मीच शिकवलं. म्हणूनच त्याच्याबाबत मी फार कडक असतो. घरचा म्हणून सूट नाही.
लोरेटाने सांगितलं, शनिवारी, तीन दिवसांच्या ड्राफ्टच्या शेवटच्या दिवशी, सगळ्यांनी तिच्याकडे जमायचं, त्याच दिवशी त्याचा नंबर लागेल. येणार म्हटलं. गुरुवारी लॅसिटर आलेला असेल, शनिवारी मी मोकळाच.

१४ मार्च, शुक्रवार
रेडिओला फोन केला.
नियम मोडला असं म्हणता येणार नाही. डॉम चक्क म्हणाला, हेरॉन्सनी आधी लाइनमनचा, म्हणजे नुसत्या अडवणाऱ्या गड्याचा, विचार करावा. आग लागली असताना उपास म्हणून बादली उचलायची नाही का? तीन मिनिटं बोललो. डॉमला एकदाही तोंड उघडू दिलं नाही. फोन ठेवताना तो म्हणाला, "चेट, श्वास घेत जा."
उद्यापासून उपास पुन्हा सुरू.

२२ मार्च, शनिवार
तळ्यावरून रात्रभर बर्फ. पहाटे पालिकेची बर्फ लोटायची नांगराची गाडी घेऊन बाहेर. पार्केड अव्हेन्यू साफ करताना कॅबमध्ये जुना कार्यक्रम पुन्हा लागला होता, माझाच फोन. स्वतःचा आवाज ऐकायला जरा वाकलो, तेवढ्यात कुणाची तरी टपालपेटी खांबासकट गेली. पेटी रस्त्याच्या फार जवळ होती.
सुपरवायझरने लेखी खुलासा मागितला. ओटिस, माझ्याबरोबर गाडीवर असतो, कॅझलाही लहानपणापासून ओळखतो, त्याने सगळ्या डेपोत सांगितलं की चेटने टपालपेटी ड्राफ्ट केली. ओटिस अ‍ॅक्रनवाल्यांचा. आमच्या जन्माच्या वैऱ्यांचा. हेरॉन म्हणजे बगळा, म्हणून आम्हाला बगळे म्हणतो. एका पायावर उभे राहून माशाची वाट बघणारे.
बघू म्हटलं. ड्राफ्ट गुरुवारी, चोवीस एप्रिलला.

४ एप्रिल, शुक्रवार
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा.
उपासाच्या शुक्रवारी मटण चालत नाही, म्हणून चर्चच्या हॉलमध्ये मासे खायला गेलो तर रांगेत खुद्द व्हिटकोम! हेरॉन्सचा जनरल मॅनेजर. कुणाला निवडायचं हे ठरवणारा माणूस, हातात कागदी प्लेट, अंगात साधा स्वेटर. जीनेटने माझी बाही धरली होती. सोडवून घेतली.
त्याला सगळं सांगितलं. तिसरा नंबर कुणाला विकायचा नाही. लॅसिटर. दुसरं नाव नाही. तो माझ्या डोळ्यांत बघत ऐकत होता. शेवटी त्याने मान हलवली. दोनदा.
घरी येताना गाडीत जीनेट म्हणाली, त्याच्या तोंडात मासा होता, तो बिचारा दुसरं काय करणार होता?
बायकांना वाटाघाटी कळत नाहीत.

१२ एप्रिल, शनिवार
कॅझ घरी आला आहे. संध्याकाळी गॅरेजमागच्या गल्लीत सराव. मी लॅसिटरच्या जागी उभा. पोरगा चेंडू असा मागे मारतो की माझं करंगळीशेजारचं बोट सुजलं. बर्फाची पिशवी बांधून हे लिहितोय.
मध्येच त्याने विचारलं, "चेट मामा, खरं सांग. माझं होईल का?"
खरं सांगितलं. म्हटलं, हात जरा आखूड आहेत. कॉलेज लहान. मी मॅनेजर असतो तर विचार करावा लागला असता.
त्याने चेंडू हातात फिरवला. मग म्हणाला, त्याला दुसरं काही नको, हेरॉन्सकडून खेळायचंय. आई स्टेडियमला चालत येईल एवढ्या अंतरावर. सातव्या फेरीतला शेवटचा नंबर लागला तरी चालेल.
मी म्हटलं, बघू. व्हिटकोम माझ्या ओळखीचा आहे.
त्याचा चेहरा एकदम उजळला. मी तसं काही वचन दिलेलं नाही.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे
जीनेट विचारत होती, व्हिटकोमजवळ कॅझचं नाव काढलंस का? म्हटलं, एका वेळी एकच मागावं. दोन गोष्टी मागितल्या की माणूस बिथरतो.
तिने भांडी जरा जोरात आपटली.
ड्राफ्टला अजून सहा दिवस.

२४ एप्रिल, गुरुवार, संध्याकाळ
हेरॉन्सची जर्सी घातली. टीव्हीसमोरची खुर्ची घेतली. जीनेटला सांगितलं, नाव पुकारेपर्यंत कुणी बोलायचं नाही. पहिला संघ, क्वार्टरबॅक नाही. दुसरा, नाही. सगळं माझ्या हिशेबाप्रमाणे. आता आम्ही. घड्याळ सुरू. 

तोच दिवस, थोड्या वेळाने
विकला. तिसरा नंबर विकला. अ‍ॅक्रनला.
अ‍ॅक्रनला!
आमच्या जागी अ‍ॅक्रनचा माणूस स्टेजवर आला आणि त्याने लॅसिटरचं नाव घेतलं. लॅसिटरने त्यांची टोपी घातली, हसला, आईला मिठी मारली. बदल्यात आमच्या वाट्याला नववा नंबर आणि पुढच्या वर्षीचं काहीतरी. नवव्याला आम्ही काय घेतलं? लाइनमन.
ओटिसचा मेसेज आला. शब्द एकही नाही, नुसतं बगळ्याचं चित्र.
जीनेट म्हणते, झोप. मला झोप लागणार नाही. त्याने मान हलवली होती. दोनदा.

२५ एप्रिल, शुक्रवार
रेडिओला फोन केला. ईस्टर होऊन गेला, आता नियम लागू नाही.
व्हिटकोमला धुऊन काढला. डॉमने मध्येच विचारलं, चेट, पण तुमच्या ईस्ट साइडचा एक पोरगा आहे ना, सेंटर, कॅझ झिलिन्स्की? लोक म्हणतायत उद्या हेरॉन्सनी त्याला घ्यावं. गावचा मुलगा.
आता इथे मी काय करायला हवं होतं? तो माझा भाचा आहे हे लपवायचं? लपवलं नाही. सांगितलं, मी त्याचा मामा, मीच त्याला शिकवलं, आणि म्हणूनच छातीवर हात ठेवून सांगतो: आमची आणखी एक निवड वाया घालवू नका. हात आखूड, दम कमी, कॉलेज कुणाला माहीत नाही. भावनेच्या भरात संघ बांधता येत नाही. कालपासून आपण भावनेनेच मरतोय.
डॉम मग म्हणाला, "बाप रे, चेट. हा तुझा भाचा?"
माझ्या निःपक्षपातीपणावर चकित झाला असावा.
शुक्रवारी दुपारी रेडिओ कोण ऐकतं? लोरेटा कामावर असते.

२६ एप्रिल, शनिवार, सकाळ
लोरेटाच्या कामाच्या ठिकाणी रेडिओ असतो. हे मला आज कळलं, जीनेटकडून, गाडीत. दातांच्या दवाखान्यातली बाई ती, वेटिंग रूममध्ये दिवसभर चालू असतो. काल तीन पेशंट तिच्याकडे बघत होते.
मी म्हटलं, तिने संदर्भासकट ऐकलं असेल तर तिला पटेल.
जीनेटने रेड लाइटला माझ्याकडे असं पाहिलं की दिवा हिरवा झालेला मागच्या गाडीच्या हॉर्नवरून कळला.

त्याच दिवशी, दुपार (लोरेटाच्या बाथरूममध्ये लिहितोय)
बाहेर पाच-सहा जण. टेबलावर पेपरोनी बॉल, सॉसेज भरलेले छोटे पाव, कुणी हात लावत नाही. लोरेटाने मला दार उघडलं, कोट घेतला, एक शब्द नाही. टेन्शन असणार. कॅझ सोफ्यावर, फोन मांडीवर उलटा ठेवलेला. मला बघून उठला, हात मिळवला. मामाला हात मिळवतो! एरवी मिठी मारतो.
पाचवी फेरी संपली. सहावी चालू.
बाहेर जाऊन बसायला हवं. किती वेळ आत बसणार.

त्याच दिवशी, संध्याकाळ
सातवी फेरी. नावं पळत होती. दर नावाला लोरेटा डोळे मिटायची. हेरॉन्सची शेवटची निवड आली तेव्हा खोलीत कुणी हललं नाही. मी पण देवाला म्हटलं, खरंच म्हटलं, की घे बाबा ह्याला, मी कालचे शब्द मागे घेतो.
हेरॉन्सनी लाथ मारणारा घेतला. किकर. आमच्याकडे एक आहे.
सगळं संपलं. टीव्ही बंद करायचं धाडस कुणाला होईना.
मग फोन वाजला.
ज्यांना कुणी उचलत नाही त्यांना शेवटी फोन येतात. बोनस नाही, गॅरंटी नाही, शिबिराला या, टिकलात तर टिकलात. पहिला फोन हेरॉन्सचा! लोरेटाने तोंडावर हात ठेवला. मी उभा राहिलो. म्हटलं, सांगितलं होतं ना, व्हिटकोमला सांगितलं होतं! कुणी माझ्याकडे बघितलं नाही. कॅझ 'हो सर, विचार करून सांगतो' म्हणाला. विचार कसला करायचा? मी हातवारे केले.
लगेच दुसरा फोन. अ‍ॅक्रन. कॅझ फोन घेऊन मागच्या अंगणात गेला. खिडकीतून दिसत होता. येरझाऱ्या, मान खाली. मग थांबला. मग हसला.
आत आला आणि म्हणाला, "अ‍ॅक्रनला हो म्हटलं."
ओरडलो असेन. म्हटलं, वेडा झालास का? तुझं स्वप्न होतं, आई चालत येईल, गावचा संघ! आणि तिकडे जाऊन लॅसिटरला चेंडू देणार?
कॅझ आवाज न चढवता म्हणाला, "मामा, मी इथं खेळलो आणि एक चेंडू जरी हातातून निसटला, तर तू सोमवारी रेडिओला फोन करशील."
मी म्हटलं, छे.
लोरेटा म्हणाली, "करशील, चेट." दिवसभरातले तिचे पहिले शब्द.
पेपरोनी बॉल गार झाले होते. सगळ्यांनी खाल्ले. मी पण दोन.

२७ एप्रिल, रविवार
सकाळी लोरेटाकडे गेलो. कॅझला काहीतरी सांगायचं होतं. काय ते वाटेत ठरवणार होतो, ठरलं नाही.
तो निघून गेला होता. अ‍ॅक्रनवाल्यांनी उद्याच बोलावलंय, बसने गेला. मी सोडलं असतं, दोन तासांचा रस्ता, म्हटलं मला का नाही सांगितलं? लोरेटा म्हणाली, त्याने ओटिसला विचारलं होतं, पण ओटिसची ड्युटी होती, म्हणून बस.
आधी ओटिसला.
तिने कॉफी विचारली. नको म्हटलं, मग थोडी घेतली. उभ्यानेच प्यायलो. तिने बसायला सांगितलं नाही.
परत येताना शेजारची मिसेस बुखोल्त्स कुंपणाशी. तिला फुटबॉलमधलं काही कळत नाही. विचारलं, तुमच्या भाच्याचं काही झालं का हो?
झालं, म्हटलं.
कुठल्या संघात?
 "अ‍ॅक्रन," म्हटलं. साठ वर्षांत हे नाव पहिल्यांदाच शिवीशिवाय बाहेर पडलं.
ती म्हणाली, अरे वा, चांगला संघ आहे का तो?
हो, म्हटलं.