रिमोटात घेतलेलं नाव

सानगडी
बुधवार, दिवाळीच्या आधीचा

प्रिय मेघा,

'प्रिय' लिहाले हात जड गेला, खोटं कायले सांगू. चौथीत बाईनं शिकवलं होतं का पत्रात पहिले हेच लिहायचं, म्हणून लिहिलं. फोन काहून नाही केला म्हणशील. फोनवर मी बोलली का भांडण होते, हे तुलेही माहीत आहे अन् मलेही. तीन वर्षांपासून तं आपलं भांडणही नाही. कागदावर निदान तुले मले मधात तोडता येत नाही. उद्या सकाळी आपल्या मंडईच्या जत्रेच्या कमिटीचे भय्याजी वडस्याले तुमच्या नाटक कंपनीच्या ऑफिसात जाऊन राहिले, त्यांच्याच हाती हे देते. तुझा जबाबही तेच वापस आणतील. कशाचा जबाब, ते शेवटी सांगते. आधी टीव्हीचं ऐक, नाहीतं तुले बाकीचं समजणार नाही.

पोळा झाल्यावर वानरांची टोळी आली होती. टिनावर भोपळ्याचा वेल चढवला आहे, त्याच्यासाठी दहा-बारा वानरं वर नाचले अन् डिशची छत्री अशी वाकवून गेले का तिचं तोंड आभाळाकडून तलावाकडे झालं. टीव्हीवर नुसतं 'नो सिग्नल'. डिश कंपनीच्या माणसाले सात फोन केले, तो रोज 'उद्या येतो काकू' म्हणे. आठव्या खेपेले मी त्याले सांगितलं का आता येऊच नको. तुझे बाबा संध्याकाळी टीव्हीसमोर ताट घेऊन बसणारे माणूस, ते भिंतीकडे पाहून जेवू लागले. मंग धनंजय म्हणाला का आई, आता छत्री कोणी लावत नाही, टीव्हीच्या मागं खोचायची एक काडी येते, घरात वायफाय आहेच, त्याच्यावर सगळं दिसते. तुझ्या भावानं घरीच सातबारा अन् फॉर्म भरून द्यायचं काम सुरू केलं, त्याच्यासाठी वायफाय घेतलं आहे.

त्यानं मोबाईलवर तीन काड्या दाखवल्या. पहिली महाग, तिच्यात फोर के का काय ते असते म्हणे. मी म्हटलं आपला टीव्ही बत्तीस इंची, तोही जुना, त्याले फोर के दाखवता येते का. धनंजय म्हणाला, नाही येत. मंग शेळीच्या पाठीवर बैलाची झूल कायले टाकून राहिला, मी म्हटलं. दुसरा एक डबा होता, सगळ्यात स्वस्त, त्याच्यावर कंपनीचं नावच धड नव्हतं. तसाच शेजारच्या परसरामच्या घरी आहे. मी मुद्दाम जाऊन पाहिला. अर्ध्या तासात तो तव्यासारखा तापते, अन् काही शोधायचं असलं तं रिमोटानं इंग्रजीची एकेक एबीसीडी दाबा लागते. मी परसरामच्या घरी खाटेवर बसून एम शोधत होती. मले तो सापडला तेव्हा त्याची बायको चहा घेऊन आली, म्हणाली काय शोधता वहिनी. मी म्हटलं भजन. एम कशाले पाहिजे होता ते तुले समजलं असेल, तू काही येडी नाही.

तिसरी काडी मधातली. चित्र साधंच, पण आपल्या टीव्हीले तेवढंच पुरते, अन् रिमोटवर बोलायचं एक बटन. दाबायचं अन् मराठीत सांगायचं, ते शोधून देते. मी म्हटलं हीच घ्यायची. धनंजय माझ्या तोंडाकडे पाहाले लागला. ज्या बाईनं मोबाईलवर फोन घेणं अन् ठेवणं याच्यापुढं काही शिकलं नाही, ती एवढं पक्कं कसं बोलून राहिली, असं त्याले झालं असेल. साकोलीच्या दुकानात मीच गेली. दुकानवाला म्हणाला, मावशी, घरी कोणी शिकलेलं असलं तं त्याले पाठवा, तुमाले नाही जमणार. मी म्हटलं, टीव्ही मी पाहीन तं शिकलेल्याले कायले पाठवू, तू डबा काढ.

घरी आणून माझ्याच हातानं लावली. काडी टीव्हीच्या मागं खोचली, तिची वायर टीव्हीच्याच दुसऱ्या भोकात घातली. चित्र येई, कंपनीचं नाव येई, अन् बंद. पुन्हा येई, पुन्हा बंद. रात्रभर राग धरून दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं साकोली गाठली अन् चार गिऱ्हाईकांसमोर त्या दुकानवाल्याले जे सुनवायचं ते सुनवलं. तो शांतपणे म्हणाला, मावशी, डब्यात पांढरा चार्जर होता तो कुठं आहे. तो नवा कोरा चार्जर मी कोणाच्या मोबाईलले कामा येईल म्हणून लुगड्यांच्या पेटीत ठेवला होता. काडीले बोर्डातून करंट लागते, टीव्हीतून देलेला पुरत नाही.  त्यानं चहा मागवला तो प्याली अन् वापस आली.

तरी नेट येईना. धनंजयच्या खोलीतून समोरच्या खोलीत यायले मधात माजघर, अन् माजघरात उन्हाळी धानाचे पोते छतापर्यंत रचलेले. धनंजय म्हणाला, वायफाय भरल्या पोत्यातून पार होत नाही, डिसेंबरात धान गेलं का येईल. डिसेंबरपर्यंत कोण थांबते. मी घरात ओरडली का पोत्याईत उंदरं झाले, आजच्या आज सगळे हलवा. तुझे बाबा अन् धनंजय दोघांनी मिळून एकवीस पोते मागच्या पडवीत नेले. उंदीर एक निघाला नाही. बाबा घाम पुसत म्हणाले, कुठं आहे वं तुझे उंदरं. मी म्हटलं, भेऊन पळाले.

आता तुले वाटेल हे सगळं भजनासाठी. दुसऱ्या दिवशी सगळे धान कापाले गेले. सूनबाई डिंपलही गेली. गुडघा दुखते म्हणून मी घरी राहिली. दार लोटलं, रिमोट घेतला, बटन दाबलं अन् म्हटलं, मेघा. टीव्हीनं दुनियेतल्या सगळ्या मेघा समोर आणल्या. कोणी गाणं म्हणे, कोणी वांग्याचं भरीत करे. तू नव्हती. मंग म्हटलं, मेघा नाटक. तरी तू नाही. मी रिमोट मांडीवर ठेवून बसली. काय म्हणावं लागेल ते मले समजलं होतं, पण तोंडातून निघत नव्हतं.

तुले तो दिवस आठवत असेल. धनंजयले पाहाले आलेले पाहुणे पोहे खाऊन, हात पुसून म्हणाले का साकोलीच्या स्टँडवर नाटकाचा बोर्ड लागला आहे, त्याच्यावरची मेघा कापगते तुमचीच काय. ते उठून गेले अन् मी तुझ्यावर धावून गेली. मी म्हटलं, नाटकात जायचं तं जा, पण या घरचं नाव बोर्डावर लावायचं नाही. कापगते त्याच्यावर मले दिसलं नाही पाहिजे. तू साऱ्या जन्मात माझी एक गोष्ट ऐकली नव्हती, ही ऐकली. त्याच्यानंतर जेवढे बोर्ड लागले त्याच्यावर नुसतं 'मेघा'. अन् धनंजयचं लग्न काही अडलं नाही. डिंपलनं घरात पाय ठेवल्यावर चौथ्या दिवशी मलेच विचारलं का मेघाताई घरी कधी येतात. मी तिले पोळ्या जळून राहिल्या म्हणून चुलीकडे पाठवलं. पोळ्या जळत नव्हत्या.

तं शेवटी बटन दाबून मी म्हटलं, मेघा कापगते. तीन वर्षांनी तुझं नाव माझ्या तोंडून पूर्ण निघालं, तेही एका प्लास्टिकच्या रिमोटात. दोनच नाटकं आले, तुझ्या पहिल्या वर्षाचे. त्याच्यापुढचं काहीच नाही. तुझं नाव मीच काढाले लावलं होतं, अन् आता मलेच तू सापडत नव्हती. मंग त्याच्या खाली तुमच्या कंपनीचे दुसरे नाटकं दिसले. एकाच्या चित्रात पांढऱ्या केसांची एक बाई होती, पदर कमरेले खोचलेला. मी चष्मा पुसला. ती तूच होती.

मले वाटलं होतं तू चमकीचं लुगडं घालून नाचत असशील, पोट्टे शिट्ट्या मारत असतील, तेच पाहा लागेल. तू तं पन्नास वर्षांची माय होऊन उभी होती. वाढताना तोंडानं 'आता बस झालं' म्हणत होती अन् हातानं भात टाकत होती. लोकं हासून राहिले. राग आला का तू चप्पल एका पायातून काढे अन् पुन्हा घाले. हे असं कोण करते हे मले पहिले समजलंच नाही. मंग नाटकातली तुझी पोरगी घर सोडून निघते, अन् तू तिले 'जा' म्हणते, अन् लोकांकडे पाठ करून घासलेला पितळेचा पाण्याचा गुंड पुन्हा घासाले बसते. मंडपातल्या बाया रडताना ऐकू येऊन राहिल्या.

तू घर सोडून गेली त्या दिवशी मी गुंड घासला होता, मेघा. घासलेलाच घासला होता. मी तुझ्याकडे पाठ करून बसली होती अन् मले वाटलं होतं तू सरळ निघून गेली. तू फाटकातून वळून पाहिलं होतं हे मले त्या दुपारी समजलं.

तेवढ्यात तुझे बाबा डबा न्याले घरी आले. दारात उभे राहिले. मी रिमोट शोधाले लागली बंद कराले, तं ते खाटेवर येऊन बसले. टीव्हीत तुझा नवरा झालेला तो जाड्या माणूस आला. त्यानं तोंड उघडाच्या आधीच तुझे बाबा हासले. मी त्यांच्याकडे पाहिलं. मंग त्या माणसानं तो जोक सांगितला. पुढच्या जोकलेही तसंच. मी म्हटलं, किती खेपा पाहिलं. ते खाली पाहून म्हणाले, चार. बपेऱ्याले बैलांचा शंकरपट पाहाले जातो, दिघोरीले पट आहे, असं सांगून हा माणूस थंडीत मफलर बांधून जाये. कोणती जोडी जिंकली म्हणून विचारलं तं कधी सांगता आलं नाही, मले तेव्हाच समजाले पाहिजे होतं. तुले भेटले नाही म्हणे एकदाही. तुले भेटायचं नाही म्हणून मी शपथ घातली होती नं. मंडपाच्या मागच्या बांबूजवळ उभं राहून पाहायचे अन् यायचे. त्या दिवशी धान कापणाऱ्याईचा डबा दोन तास उशिरा गेला.

आता भय्याजीचं. यंदा आपल्या मंडईले कमिटीनं हेच नाटक ठरवलं आहे, भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी. कंपनीनं तारीख दिली, पण सांगितलं का मेघा सानगडीले काम करत नाही, त्या दिवशी तिच्या जागी दुसरी बाई उभी राहील. भय्याजी काल घरी आले, चहा झाला तरी कप हातात धरून बसले. मीच म्हटलं, बोला लवकर, मले चारा टाकायचा आहे. तं म्हणाले, वहिनी, बोर्ड रंगवाले द्यायचा आहे, नाव कोणाचं टाकू. मी म्हटलं, मेघा श्रावण कापगते, सानगडी. गाव पण टाका. तुझे बाबा पहिल्यांदा माझ्यावर जोरात बोलले. म्हणाले, नाव तिचं आहे, पहिले तिले विचार. तं हे पत्र त्याच्यासाठी आहे, मी विचारून राहिली. तू नाही म्हटलं तं भय्याजी दुसऱ्या बाईचं नाव टाकतील, मी भांडणार नाही, घरूनच आवाज ऐकीन. हो म्हटलं तं नाटकाच्या दिवशी दुपारीच येजो, जेवण घरी करजो, डिंपल तुझ्यासाठी चार दिवस आधीपासून करंज्या लपवून ठेवणार आहे. मी समोर सतरंजीवर बसीन. अन् एक सांगते, तू ते केस जास्तच पांढरे करते. माझे फक्त कानाजवळ पिकले आहेत. येशील तेव्हा पाहून घेजो.

तुझीच माय,
कलाबाई श्रावण कापगते