पपई म्हणजे सुरमई नव्हे

मी, कीर्ती दिगंबर रेगे, वय वर्षे चौपन्न, धंदा वाणसामान व फळभाजी, राहणार गिरगाव, हे माझे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहून ठेवते. दडपण आणण्याचा प्रयत्न झाला. त्याचा उल्लेख पुढे येईल. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मिळवायला अडीच तास बाकावर बसावे लागले, आणि तरीही डोके ठिकाणावर राहिले, हा त्याहून मोठा पुरावा.

प्रथम एक तक्रार. हे मृत्युपत्र मी दुसऱ्यांदा लिहीत आहे. पहिल्या मसुद्याच्या पानाला पपईवरचा गोल स्टिकर चिकटला. फळावर स्टिकर लावायची कल्पना ज्याला सुचली, त्याने आयुष्यात पपई सोललेली नसावी. वकिलांच्या टेबलावर तो नखाने काढताना खालचा कागद सोलला आणि नेमके 'माझा भाऊ हितेंद्र' एवढेच शब्द निघून आले. वकील म्हणाले, "बाई, याला शकुन समजू नका. पुन्हा लिहा." पुन्हा लिहिले. हितेंद्र पुन्हा आला आहे.

कलम १. गिरगावची राहती जागा माझी भाची ओवी हिला द्यावी. ती हितेंद्रची मुलगी आहे, यात तिचा दोष नाही. बँकेतील ठेवी उरल्यास त्याही तिला. न उरल्यास आत्या मजेत जगली असे समजावे.

कलम २. दादरचा गाळा. हा वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, बक्षीसपत्राने मला दिला. डावीकडे किराणा, उजवीकडे फळे-भाज्या, आणि अगदी दर्शनी भागात पपई. हितेंद्रला तो घरपोच सामान पाठवणाऱ्या कंपनीला गोदाम म्हणून भाड्याने द्यायचा आहे. शटर खाली, माणूस आत, गिऱ्हाईक नाही.

"ताई, आता दहा मिनिटांत पपई घरी पोचते. दुकानात येऊन दाबत कोण बसतंय?"

"पोचते दहा मिनिटांत. पिकते दहा दिवसांनी."

"तू गेल्यावर हा गाळा चालवणार कोण?"

तेच लिहिते आहे. हा गाळा, परवान्यासह, वजनकाट्यासह, मी शांती जनार्दन वैती, राहणार शीव कोळीवाडा, हिला देत आहे. ती एकवीस वर्षे आमचा फळांचा विभाग सांभाळते. नात्याने ती माझी कोणी नाही. वकिलांनी विचारले, "मग कारण काय लिहू?" लिहा, तिला पपई कळते. मासळी विकणारी तिची आई माल घेताना माशाचा कल्ला बघायची, तशी ती देठ बघते.

कलम ३. मांडणी शांती करते तशीच राहावी. पपयांचा डोंगर रचू नये. खालच्या पपया आपलं दुःख बोलून दाखवत नाहीत, नुसत्या काळ्या पडतात. कागद अंथरून एकेरी तीन रांगा लावाव्यात आणि पुठ्ठ्यावर आज, उद्या, परवा असे लिहावे. एक पपई उभी कापून बियांसकट ठेवावी. बी काळी असेल तर फळ झाडावर तयार झाले, पांढरी असेल तर घाईने तोडले. हितेंद्र म्हणतो कोर्टात जाईन. जरूर जावे. जाताना परवाच्या रांगेतली पपई न्यावी, म्हणजे निकालापर्यंत निदान काहीतरी हाती लागेल.

कलम ४. समोरच्या इमारतीतील आनंदीबाई वीस वर्षे प्रत्येक पपईत अंगठा रुतवून शेवटी दोन केळी घेतात. त्यांना त्या हयात असेपर्यंत दर मंगळवारी एक पपई फुकट द्यावी. निवड शांती करील. अंगठा लावल्यास ही देणगी रद्द.

कलम ५. काचेचा डिस्प्ले फ्रीज, बंद, एक नग, हितेंद्रला. उचलून नेण्याचा खर्च त्याचा.

या फ्रीजबद्दल थोडे अधिक लिहिणे भाग आहे. २००७च्या मे महिन्यात तो मी हौसेने आणला आणि तीन क्रेट हिरव्या-पिवळ्या पपया आत भरल्या. शांती म्हणाली, "बाय, पपई म्हणजे सुरमई नाय. हिला थंडी दाखवू नको." मासळीवालीने मला फ्रीज शिकवावा, हे मला रुचले नाही. आठ दिवसांनी पपया पिकल्या नव्हत्या. नुसते खड्डे आणि काळे डाग, चव उकडलेल्या भोपळ्याची. अप्पांनी गिऱ्हाइकांसमोर विचारले, "कोणी ठेवल्या आत?" मी म्हणाले, "हिने. मासळीची सवय." शांतीने माझ्याकडे पाहिले. अप्पांनी तिच्या हातातली सुरी काढून माझ्या खणात टाकली. "आजपासून कापायचं काम कीर्ती करील." सुरी तिच्या आईची होती. कोळणीने पपई बर्फावर ठेवली, हा किस्सा अप्पा जाईपर्यंत हसून सांगत राहिले. मीही हसत राहिले.

कोणी म्हणेल, गाळा त्याची भरपाई म्हणून दिला. नाही. गाळा तिला पपई कळते म्हणून. फ्रीजचे वेगळे.

कलम ६. लाकडी मुठीची सुरी या मृत्युपत्रात कोणालाही दिलेली नाही, कारण ती माझी मालमत्ता नाही.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन साक्षीदारांदेखत सही करत आहे. साक्षीदारांनीही माझ्यासमोर सह्या केल्या.

सही: कीर्ती दिगंबर रेगे

साक्षीदार: १) कुशाबा शिंगरे, शेजारची पिठाची गिरणी. २) डॉ. नूपुर वाळिंबे, वरच्या मजल्यावरील दंतवैद्य.

स्थळ: दादर, मुंबई. दिनांक: १४ ऑक्टोबर २०२५.

ता. क. सही करण्याआधी, आज सकाळी, सुरी शांतीला परत दिली. फ्रीजमध्ये पपया मी ठेवल्या होत्या, हेही आनंदीबाईंना ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगितले. २००७ला त्या गिऱ्हाइकांत त्याही होत्या. शांतीने पात्यावर बोट फिरवले. "धार घालवलीस बाय हिची," एवढेच म्हणाली. धारवाल्याकडे जाऊन धार लावून आणली, तिच्या हातात दिली, आणि मग इथे सही केली.