तिसऱ्या हिश्श्याला शब्द नाही

१४ जुलै, सोमवार
प्राचीला अपूर्णांकांच्या सराव पेपरात वीसपैकी तीन! नातीच्या वहीत एवढा लाल रंग पहिल्यांदाच पाहिला.

लगेच धुळ्याहून कामिनीचा फोन. मुलगा राकेश वारल्यापासून सूनबाई तिकडे दवाखान्यात नर्स आहे. ड्युटीला ना वेळ ना काळ, म्हणून पोरगी दोन वर्षं आमच्याकडे पिंप्राळ्याला. आवाज न चढवता म्हणाली, "आबा, बावीस तारखेच्या चाचणीत नापास झाली तर मी तिला इकडे घेऊन येईन. ड्युटीचं बघते काहीतरी."

"आठ दिवसांत पक्की करतो!" मी.

बोलून बसलो खरा. मी चौथी शिकलेला. पोती उचलता उचलता डाळमिल उभी केली, पण अपूर्णांक कधी शिकलो? आणि पोरगी गेली तर घरात काय उरतं — मी आणि माझी बायको रुक्माबाई, समोरासमोर.

१५ जुलै
सुरुवात झकास. पावकी, निमकी, सवायकीचे जुने पाढे मला अजून तोंडपाठ. अकरा सव्वे? पावणेचौदा! प्राची बघतच राहिली. मग तिने पुस्तक पुढे सरकवलं — एक छेद तीन अधिक एक छेद चार.

गाडी तिथेच बसली. पाव आहे, अर्धा आहे, पाऊण आहे. तिसऱ्या हिश्श्याला आमच्या काट्यावर शब्दच नाही! तीस वर्षं तूर मोजली, एक छेद तीन कुणी मागितली नाही.

"आबा, उत्तर?"
"अर्ध्याहून थोडं चढ."
"थोडं म्हणजे किती? मॅडम 'थोडं चढ'ला मार्क देत नाहीत."

१७ जुलै
तिने उत्तर लिहिलं, दोन छेद सात. वरचे मिळवले, खालचे मिळवले. म्हटलं, "अगं, तिसऱ्या हिश्श्यात पाव ओतला आणि ढीग आधीपेक्षा लहान झाला? कुणीतरी डाळ पळवली!" खळखळून हसली. मला चूक दिसते. बरोबर कसं करायचं ते सांगता येत नाही. मिलमध्ये मुनीम बन्सीलालला विचारलं, तर म्हणतो, "भाऊ, कॅल्क्युलेटर कशाला असतं?"

एक गोष्ट खटकली. अडली की प्राचीची पेन्सिल थांबते. मिलच्या चाळणीचं बेअरिंग जाणार हे दोन दिवस आधी ऐकणारे कान आहेत माझे. दोन छेद सात लिहिताना पेन्सिल थांबली नाही. सरळ गेली.

१९ जुलै
भाकरीचे तुकडे करून दाखवत होतो. रुक्माबाई कडाडली, "पोरले जेवू द्या आधी! बठ्ठी भाकर थंडी व्हई गयी. तुमले तरी येस का ते?"

नाही येत.

२० जुलै, रविवार
पंधरा गणितं. पंधराही चूक. रडू मलाच आलं — आणि पाणी तिने आणून दिलं!

२१ जुलै, सोमवार
मिलमधून लवकर आलो. जिन्याखाली प्राची शेजारच्या डिंपलला शिकवत होती. "दोन छेद पाच नि एक छेद दोन. आधी खालचे सारखे कर, दहा. मग चार नि पाच, नऊ. नऊ छेद दहा." कुठे अडली नाही.

"येडी, मग तुला तीनच मार्क कसे?" डिंपल.
"नापास झाले की मम्मी न्यायला येणार, सुट्टीतच म्हणाली होती. आबांना सांगू नको हं. त्यांना वाटेल, मला इथे आवडत नाही."

चपला हातात घेऊन मागे फिरलो. कोपऱ्यावरून कामिनीला फोन केला — निकाल बघू नकोस, रविवारी ये.

घरी येऊन प्राचीला म्हटलं, "उद्या येतं तसंच लिही. मम्मी येतेय न्यायला. पास झालीस तरी."

तिने वही मिटली. मग हळूच, "रागावलात?"

"छट्!" म्हटलं. एवढंच जमलं.