विरघळणारा धागा

३ नोव्हेंबर १९७६, बदनापूर
आज रुजू झाले. वडीगोद्रीची सत्यशीला आता प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ! स्टेशनवर प्रयोगशाळेतला गडी कडूबा न्यायला आला होता. माझी ट्रंक सायकलला बांधली आणि दोघं गप्पा मारत चालत आलो. गावाबाहेर पत्र्याचं शेड, मागं शेळ्यांचा गोठा. मालक काकासाहेब परदेशात शिकून आलेत. महिन्याभरात अंगातच विरघळेल असा टाक्यांचा धागा त्यांना बनवायचाय. खेड्यातली माणसं टाके काढायला परत येत नाहीत, जखमा चिघळतात, म्हणाले. मला काम फार आवडलं.

९ नोव्हेंबर
पांढरी पूड वितळवून बारीक छिद्रातून ओढली की मधाच्या रंगाची तार निघते. तिला ओल लागली तर संपलंच, लगेच तुटते. आज माझी तार एकदाही तुटली नाही. काकासाहेबांनी त्याच धाग्यानं एका शेळीच्या बरगडीवर टाके घातले. कडूबाची बायको दुर्गाबाई गरोदर आहे, दिवस भरत आलेत, तरी माझ्यासाठी भाकरी घेऊन आली.

१८ नोव्हेंबर
नवव्या दिवशीच टाके विरघळले. काकासाहेब खूश. कडूबा मात्र म्हणाला, "बाई, सुई टोचली तरी शेळी वरडून न्हाई राह्यली. नुस्ती उभी हाय."

२० नोव्हेंबर
काचेचं भांडं फुटून डावा तळवा चिरला. काकासाहेबांनी आपल्याच धाग्यानं चार टाके घातले. विचारलं नाही. मीही नको म्हणाले नाही, धागा माझाच होता. पहिला टाका दुखला. चौथा कळलाही नाही.

२७ नोव्हेंबर
टाके गेले. आज स्टोव्हवरचा तवा तसाच उचलला. वास आल्यावर कळलं, हात भाजतोय.

२८ नोव्हेंबर
शेळी मेली. कापून पाहिली. टाक्यांखाली मांस नव्हतं. भिजलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी, आरपार दिसणारं, थेट काळजापर्यंत. काकासाहेबांनी सांगितलं, लिहा, धागा पूर्ण शोषला गेला. मी लिहिलं.

३० नोव्हेंबर
कोपरापर्यंत स्पर्श कळत नाही. भीती वाटायला हवी होती.
कडूबा खुशीत आहे. दुर्गाबाईच्या बाळंतपणात टाके लागले तर आपलाच धागा वापरणार. काकासाहेब उद्या बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरीणबाईंना धाग्याची पाकिटं देणार आहेत.

१ डिसेंबर
सगळी पाकिटं फोडून उकळत्या पाण्यात टाकली. काकासाहेब दारात उभे होते. अडवलं नाही. सदरा वर केला. पोटावर टाक्यांचे सहा व्रण. दिवाळीत आधी स्वतःवरच करून पाहिलं, म्हणाले. तेव्हापासून कशाचंच काही वाटत नाही. मुलीचं पत्र आलं, तरी नाही.
मग दुर्गाबाईला का देत होता, विचारलं. देऊ नये असं वाटलंच नाही, म्हणाले. आणि सदरा खाली केला.

३ डिसेंबर
दुर्गाबाईला मुलगी झाली. टाके साध्या धाग्याचे. कडूबानं पेढा दिला. गोड — असावा. खांद्याच्या पलीकडे आता —

५ डिसेंबर
काकासाहेब खुर्चीतच. कालपासून. डोळे उघडे, श्वास नाही. कडूबा ओरडला. मी नाही.

६ डिसेंबर
कडूबानं वडीगोद्रीला सांगावा धाडला होता. आई आली. औरंगाबादच्या दवाखान्यात नेणार म्हणते. उजवा हातही — पेन धरलंय की नाही, बघूनच कळतं —
आई शेजारी बसून रडतेय. माझा हात तिच्या हातात आहे, दिसतोय. तिला काहीतरी म्हणायला हवं. अशा वेळी काय म्हणतात ते —