वाऱ्याची ओळ

सेंट ओडिल, कॅन्सस
९ सप्टेंबर १९७९

चि. फ्लोरियनला,
अनेक आशीर्वाद.

एकोणचाळिशीच्या माणसाला चिरंजीव म्हणू नकोस, असं तू मागच्या वर्षी बजावलं होतंस. पण मी तुझ्याहून मोठी, त्यात शाळेत शिकवते. ही खोड आता जायची नाही.

हंगाम सुरू झाला, म्हणजे आपला फोन बंद. ममाने काल फोनवर नेहमीसारखा स्वयंपाकघरातला टॉवेल टाकला. तुझ्या पहिल्या हंगामात पापांनी हा नियम केला, तेव्हा मी हसले होते. फुटबॉलमधल्या किकरशी कुणी बोलायचं नसतं, माणसाच्या आवाजातून घरचं सगळं कळतं, असं ते म्हणाले होते. आता मीच शेजाऱ्यांना हा नियम समजावून सांगते. चर्चच्या पायऱ्यांवर आज सगळे तुझंच विचारत होते. क्लेमेन्स म्हणाला, की दिवसभरात जेमतेम दोन मिनिटं मैदानावर उभं राहून खांबांमधून चेंडू मारायचा आणि बाकी वेळ गार पाणी पीत बसायचं, अशी नोकरी त्याच्या जावयालाही बघ. मी म्हटलं, जावयाला आधी सकाळी उठायला शिकव.

ज्वारीची कापणी जवळ आली आहे. पापांना खोकला आहे, पण तो शेतातल्या धुरळ्याचा, असं ते म्हणतात. काल कुरणात जाऊन त्यांनी तुझ्या जुन्या गोलखांबांना रंग दिला. आम्ही विचारलं, आता तिथे कोण चेंडू मारणार आहे? ते म्हणाले, खांब उभे आहेत तोवर रंग लागणारच. ब्रश धरताना त्यांचं ते वाकडं बोट वर राहतं. तुझा नेम चुकून ते मोडलं त्याला किती वर्षं झाली, तरी अजून गुडघा टेकून तुझ्यासाठी चेंडू धरून बसल्यासारखंच दिसतं.

खिमा-कोबी भरलेले बीरॉक-पाव पाठवले आहेत. कोबी जरा जास्त झाला. आमची माया वाटेत सांडणार नाही, याची काळजी तू घे.

तुझी,
अल्विना

ता. क. पापा सांगतात: गाईंनी पाठ दक्षिणेकडे केली आहे. धुरळा कुंपणापर्यंत येतो आणि बसतो. उजव्या खांबावर नेम धर, बाकीचं वारा करील.


पोर्ट हॅरो, मिशिगन
३० सप्टेंबर

प्रिय मास्तरीणबाई,
स. न. वि. वि.

बीरॉक पोचले. कोबी जास्तच होता. संघातल्या दोघा दांडग्यांनी डबा चाटून पुसून परत केला, तेव्हा तक्रार मागे घेतो.

इथे एक पोरगा आणला आहे, डेनी नावाचा. हल्लीच्या पोरांसारखा तो तिरका धावत येऊन पायाच्या बाजूने मारतो. दुसऱ्याच कुणाला भेटायला निघाला होता आणि वाटेत चेंडू दिसला, असा येतो. पण मारतो लांब, हे मान्य केलं पाहिजे. माझा चौकोनी टोकाचा बूट हातात घेऊन त्याने अगदी आदराने विचारलं, की हा तुमच्या आजोबांचा का? सरळ धावत येऊन चवड्याने मारणारे आम्ही आता किती उरलोत, मोजायला एक हात पुरेल. प्रशिक्षक म्हणाले, हे वर्ष तुझं, पुढचं त्याचं.

चार संघांनी मला घेतलं आणि चौघांनी नारळ दिला, हे तुला माहीत आहे. या पाचव्यात मात्र यंदा काहीतरी शिजतं आहे. आम्ही जिंकतो आहोत. जानेवारीत, शेवटच्या सामन्यांपर्यंत, माझा एकही संघ कधी पोचला नाही. मला जानेवारीतली एक किक हवी आहे, विना. हजारो लोक श्वास धरून बसलेले, आणि चेंडू आत गेला तर आपण, बाहेर गेला तरी आपणच. ती एक मिळाली की बूट खुंटीला टांगतो आणि पापांबरोबर गहू पेरायला येतो.

सामना रंगात आला, की बाकावर माझ्या आजूबाजूची जागा रिकामी होते. गोवर झाल्यासारखे सगळे दूर सरकतात. जवळ येऊन बोलेल तो करंटा. त्यापेक्षा पापा बरे, वारा सांगायचे आणि मग गप्प व्हायचे. तेवढी ओळ चुकवू नकोस. ती वाचल्याशिवाय मी रविवारी बूट बांधत नाही.

ममाला गालावर एक पापी. रागावत जा, पण लिहीत जा.

तुझा,
फ्लोरी


सेंट ओडिल
२८ ऑक्टोबर

ती. बेनिग्नाआत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा खुबा कसा आहे? मठातल्या बाकीच्या सिस्टर्स तुझं ऐकतात, की अजून तूच त्यांना औषधं देत फिरतेस?

तुझ्या भावाचं लिहायचं आहे आणि तेच लांबवते आहे. तो धुरळ्याचा खोकला नव्हता. शहरातल्या डॉक्टरांनी चित्र दिव्यासमोर धरून दाखवलं. दोन्ही फुप्फुसांत पसरलं आहे. नाताळ दिसला तर दिसला, असं म्हणाले. पापा गाडीत बसले. मग म्हणाले, की हंगाम संपेपर्यंत फ्लोरियनला यातलं अक्षर कळता कामा नये. ममा लगेच हो म्हणाली. माझ्याकडे दोघांनी पाहिलं आणि मीही मान हलवली.

मी दर आठवड्याला त्याला लिहिते. लिहून झाल्यावर वह्या तपासाव्यात तशी वाक्यं तपासते. पापा विश्रांती घेतात, हे खरं. गहू उगवला, खरं. क्लेमेन्सच्या जावयाला नोकरी लागली, तेही खरं. एकही वाक्य खोटं सापडत नाही आणि पत्र मात्र सगळं खोटं.

दर पत्राखाली पापा वाऱ्याची एक ओळ सांगतात, ती तुला माहीत आहे. या आठवड्यात त्यांना फाटकापर्यंत जाता आलं नाही, आणि मी विचारायला गेले तेव्हा औषधाने झोपले होते. मी रेडिओवरून वारा उतरवून घेतला आणि त्यांच्या नावाने लिहून टाकला. ते पहिलं खोटं वाक्य. ते लिहिताना हात थांबला नाही, याचंच मला वाईट वाटतं.

तू काय म्हणशील? तुझा आशीर्वाद मागते आणि तुझं मतही.

तुझी,
अल्विना


मठ
४ नोव्हेंबर

चि. अल्विनास,
शुभाशीर्वाद.

खुबा माझ्यासारखाच आहे, म्हातारा आणि तिरसट. डॉक्टर मला प्रवास करू देत नाहीत. नाहीतर हे पत्र न लिहिता मीच येऊन तुम्हा तिघांचे कान धरले असते.

अर्बन लहानपणीही असाच होता. पायात खिळा घुसला तर बूट न काढता दिवसभर हिंडायचा, आईला त्रास नको म्हणून. त्रास मग आठवडाभर झाला. माझ्या भावावर माझा जीव आहे, पण त्याच्या हट्टाला मी होकार देणार नाही. फ्लोरियनला सांग. तो पायाने चेंडू मारतो, कानाने नाही. दुःख घेऊन चेंडू मारता येतो की नाही, हे त्याचं त्याला ठरवू दे. आम्ही इथे दर रविवारी प्रार्थना आटोपून त्याच्यासाठी टीव्हीपुढे बसतो. सिस्टर लिओकाडिया तर पंचाला अशी नावं ठेवते, की तिला पापनिवेदन करावं लागतं. पण तो हरला म्हणून कुणी जेवायचं थांबत नाही.

गप्प राहण्याविषयी तू मठातल्या बाईला विचारलंस, बरं केलंस. आमच्याकडे गप्प बसायच्या वेळा ठरलेल्या असतात. मरणाऱ्या माणसापाशी तो नियम नसतो.

तुला माझी आठवण राहो, आणि या पत्राचीही.

आत्या


सेंट ओडिल
१८ नोव्हेंबर

चि. फ्लोरियनला,
अनेक आशीर्वाद.

आज तुला काही वेगळं लिहायला बसले होते. इतक्यात ममा आत आली. तुम्ही पुन्हा जिंकलात आणि शेवटची किक तुझी होती, असं रेडिओवर सांगितल्याचं म्हणाली, आणि रडायला लागली. पापाही ऐकत होते. त्यांनी वाकडं बोट वर केलं. त्यानंतर मला जे लिहायचं होतं ते जमलं नाही. पुढच्या वेळी लिहीन.

थंडी पडली आहे. लोकरीचे मोजे पाठवते. तुझ्या पायांना ऊब मिळो, आणि आम्हाला तुझं पत्र.

तुझी,
अल्विना

ता. क. पापा सांगतात: वारा दक्षिणेचा, ताशी पंधरा मैल. शाळेवरचा झेंडा पूर्ण ताणलेला.


पोर्ट हॅरो
१६ डिसेंबर

प्रिय विना,
स. न. वि. वि.

आम्ही जानेवारीत पोचलो! सोळा वर्षांनी का होईना. मागच्या रविवारी बर्फात माझी एक किक चुकली. चेंडू दगडासारखा झाला होता आणि बोटं त्याहून. डेनी जवळ आला, काहीतरी बोलणार होता, तेवढ्यात त्याला कुणीतरी मागे ओढलं. पण प्रशिक्षकांनी शब्द पाळला. जानेवारी माझा.

बाकी काय लिहू? तिकडे सगळे बरे असतीलच. तू फार लांब पत्रं लिहायचा त्रास घेऊ नकोस. वाऱ्याची ओळ तेवढी येऊ दे, कशीही.

नाताळच्या रात्रीच्या प्रार्थनेत माझ्यासाठी एक मेणबत्ती लाव. जमलं तर दोन.

तुझा,
फ्लोरी


सेंट ओडिल
७ जानेवारी १९८०

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला धड काही सांगता आलं नाही. तू ऐकत होतीस आणि मी फक्त गेले, गेले, एवढंच म्हणत होते.

पापा शनिवारी दुपारी गेले. त्रास फार झाला नाही, निदान शेवटी. फ्लोरियनचा सामना रविवारी होता. मी त्याला फोन करायला उठले, तर ममा आधीच फोनपाशी खुर्ची ओढून बसली होती, हात टॉवेलवर. मला म्हणाली, की एकच दिवस, पोरी, त्यांनी इतके महिने कळ काढली ती वाया घालवू नकोस. मी तिचा हात बाजूला करू शकले असते. म्हाताऱ्या बाईचा हात, त्यात किती जोर असणार! मी केला नाही. तुझं पत्र माझ्या उशाशीच होतं.

रविवारी शेजारणी जेवण घेऊन आल्या आणि सगळे काळ्या कपड्यांत टीव्हीपुढे बसलो. आवाज बंद ठेवला होता. आत्या, त्याला एकही किक मिळाली नाही. त्यांचा संघ समोरच्यांच्या खांबांजवळसुद्धा पोचू शकला नाही, सगळा वेळ मार खात राहिला. कॅमेरा मधूनमधून फ्लोरियनवर यायचा. तो चौकोनी बूट घालून उभा, एक पाय झुलवत, आणि आजूबाजूला कुणी नाही. संपेपर्यंत तसाच उभा होता. ज्या किकसाठी आम्ही सगळे गप्प राहिलो, ती आलीच नाही.

संध्याकाळी टॉवेल मी काढला आणि फ्लोरियनला सांगितलं. त्याने एवढंच विचारलं, की शनिवारी दुपारी गाई कुठल्या बाजूला पाठ करून उभ्या होत्या. मी पाहिलं नव्हतं, आत्या. त्या दिवशी एकदाही बाहेर पाहिलं नव्हतं.

परवा अंत्यविधी आहे. तू तिथूनच आमच्यासोबत अस.

तुझी,
अल्विना


पोर्ट हॅरो
१० फेब्रुवारी

प्रिय अल्विना,
स. न. वि. वि.

अंत्यविधीच्या वेळी तू माझ्याशी बोलायला दोनदा आलीस आणि दोनदा मी कुणाला तरी हात मिळवायला निघून गेलो. तुला वाटलं असेल, मी रागावलो आहे. म्हणून लिहितो.

मला माहीत होतं. ताशी पंधरा मैल, असं तू लिहिलंस तेव्हापासून. पापांनी आयुष्यात कधी वाऱ्याचे मैल सांगितले नाहीत. आणि झेंडा? त्यांना फाटकावरून गाई दिसतात, झेंडा दिसतो तो तुझ्या वर्गाच्या खिडकीतून. तो मास्तरणीचा वारा होता. मी पत्र हातात घेऊन बसलो आणि समजलो, की पापा आता फाटकापर्यंत जात नाहीत. पुढचं समजायला फार अक्कल लागली नाही.

विचारलं असतं तर तू सांगितलं असतंस. सांगितलं असतंस तर मला निघावं लागलं असतं, आणि डेनी तयार बसला होता. म्हणून मी लिहिलं, सगळे बरे असतीलच. तुम्ही माझ्यासाठी गप्प राहिलात. मी माझ्यासाठीच गप्प राहिलो.

शवपेटीत ममाने त्यांच्या हातांवर जपमाळ गुंडाळली होती. सगळी बोटं मिटलेली, ते एक वाकडं तेवढं वर. चेंडूच्या टोकावर ठेवल्यासारखं. ते वाट बघत होते असं मला वाटलं, आणि मी पुढे जाऊ शकलो नाही.

मला काल मोकळं केलं. प्रशिक्षक चांगलं बोलले. डेनीने सामान गाडीत ठेवायला मदत केली आणि तो चौकोनी बूट मागितला, घालायला नव्हे, ठेवायला. मी दिला.

क्लेमेन्सला सांगून कुरणातले खांब काढून टाका. मला ते बघवणार नाहीत.

तुझ्याकडून काही मागायचा हक्क राहिला असेल, तर मला तोडू नकोस.

फ्लोरियन


सेंट ओडिल
२४ फेब्रुवारी

चि. फ्लोरीला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र ममाला वाचून दाखवलं. तुझ्या परवानगीशिवाय दाखवलं, पण आता या घरात कुणी कुणापासून काही ठेवायचं नाही, असं मी ठरवलं आहे. ती बराच वेळ टेबलाची कड पुसत राहिली. मग म्हणाली, की पापांनी ते वाऱ्याचे मैल ऐकले असते तर हसून हसून त्यांना खोकला आला असता.

दोष कुणाचा किती, याची मी पुष्कळ वाटणी करून पाहिली. ती जमत नाही. दर वेळी सगळा माझ्याच वाट्याला येतो, आणि तुझ्या पत्रावरून तुझंही तसंच दिसतं. आत्याला विचारलं, तर ती म्हणते की दोघं एकत्र बसून रडा आणि मग भांडी घासा.

क्लेमेन्स खांब काढायला आला होता. ममाने त्याला कॉफी पाजून परत पाठवलं. गाईंना अंग घासायला ते लागतात, म्हणाली. रंग अजून टिकून आहे.

टॉवेल धुऊन स्वयंपाकघरात परत टांगला. फोन उघडा आहे, पण तू फोन करू नकोस. ये.

तुझीच,
अल्विना

ता. क. मी आत्ता फाटकापर्यंत जाऊन आले. वारा अजिबात नाही. गाई कशाही उभ्या आहेत, जिला जिकडे वाटेल तिकडे तोंड करून.