पुढच्या सीटवरची बहीण

३ मार्च, मंगळवार
मॉडेलच्या कॉकपिटवरची काच आज बसली! दोन सीटांवर मिळून एकच लांबट काच, करंगळीएवढी. डिंकाचा थेंब जास्त पडला असता तर सगळी धुरकटली असती. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या घासायच्या, आणि घरी येऊन हे घासायचं — बायको म्हणते, ‘तुम्हाला दुसरं काही येतं का?’ नाही येत.
नौदलाचं शिकाऊ जेट आहे हे. पुढे शिकणारा, मागे शिकवणारा. आणि आमची चिंगी, माझी धाकटी बहीण, खरोखर असल्याच विमानात पुढे बसते! मॉडेल बनवणाऱ्यांच्या आमच्या क्लबच्या प्रदर्शनात विमानासमोर तसं कार्डच लावणार — ‘पुढच्या सीटवर : माझी बहीण.’

६ मार्च, शुक्रवार
चिंगी सुट्टीवर आली. वाळली आहे. तिला शेपटीखालचा हूक दाखवला — जहाजावर उतरताना आडव्या दोरात अडकतो तो. ‘छान झालाय, दादा.’ बस, एवढंच. दमली असेल.

८ मार्च, रविवार
प्रदर्शनाचा पहिला दिवस. क्लबच्या सेक्रेटरींनी (त्यांचं घड्याळाचं दुकान आहे) माइक सरळ तिच्या हातात दिला. मीच सुचवलं होतं. तिला न विचारता. जहाजावर उतरताना भीती वाटते का, असं कोणीतरी विचारलं. ‘वाटते की. वरून जहाज टपालाच्या तिकिटाएवढं दिसतं, आणि ते तिकीट हलत असतं!’ हशा, टाळ्या. मी सगळ्यांकडे बघत होतो — बघा, माझी बहीण!
बाहेर गाडीपाशी म्हणाली, ‘दादा, मला काढलं. जहाजावर उतरणं जमलं नाही. पुन्हा संधी दिली, तेव्हाही नाही.’
‘मग सांगितलं का नाहीस?’
‘तू फोनवर बोलू देतोस कुठे?’
खरंच. फोनवर मी तिला चाकांच्या झाकणांचा आतला रंग विचारायचो.
घरी येईपर्यंत साधं ‘असू दे गं’ म्हणता आलं नाही मला.

१० मार्च, मंगळवार
लॅबमध्ये सेक्रेटरींचा फोन. ‘कॉलेजच्या मुली येणार आहेत प्रदर्शन बघायला. बहिणीला पुन्हा आणा की!’ म्हटलं, ती आता त्यात नाही. काढलं तिला.
‘अरेरे! सख्खी बहीण ना तुमची?’
‘नाही,’ मी म्हणालो. ‘चुलत.’
निघून गेलं तोंडातून. का? कोणाचं काय अडलं होतं? फोन ठेवला तरी हातातली कवळी तशीच धरून उभा. शी!

११ मार्च, बुधवार
हॉलवर जाऊन कार्ड काढून आणलं. आधी पाहिलं, कोणी बघत नाही ना. चोरासारखं.

१३ मार्च, शुक्रवार
चिंगी बाजारातून आली ती चप्पल न काढताच दारात उभी राहिली.
‘घड्याळाचा पट्टा बदलायला गेले होते. तुझे सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही त्यांच्या चुलत बहीण ना?’
मेल्याहून मेल्यासारखं झालं. ‘तू काय म्हणालीस?’
‘हो म्हणाले. दुकानात गिऱ्हाइकं होती. चारचौघांत तुला खोटं पाडू?’ मग हसली. ‘चुलत बहिणीला चहा मिळेल का?’
चहा मीच केला. साखर घालायची राहिली. तिने तसाच प्यायला. माफी मागायची होती, तीही राहिली. तिच्यामुळे मान खाली जाईल म्हणून घाबरलो, आणि मान खाली घातली ती मीच. तिच्या नजरेला नजर देववत नाही.

१५ मार्च, रविवार
आईपाशी सगळं ओकलो. ती मटार सोलत होती, थांबली नाही. म्हणाली, ‘तिला काढलं ते आम्हाला केव्हाच कळलंय. तुझ्या बायकोलासुद्धा. चिंगीनेच बजावलं होतं — दादाचं विमान पुरं होऊ दे, प्रदर्शन होऊ दे. आधी कळलं तर तो त्याला पुन्हा हात लावायचा नाही.’