सपाटीवरचे हलके गिअर

मी, निवृत्त पदार्थविज्ञान शिक्षक, हे मृत्युपत्र स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मनही स्थिर आहे. वर्षभरापूर्वी पत्नी गेल्यापासून ते हललेलेच नाही.

१. घर व बँकेतील ठेवी माझ्या एकुलत्या एक मुलीला मिळाव्यात. तिच्या आईचे कपाट मी उघडलेले नाही. तिने ते सवडीने उघडावे.

२. माझी लांब पल्ल्याची सायकलही तिचीच. टायर बत्तीस मिलिमीटरचे आहेत, ते बदलू नयेत. अरुंद, दगडासारखा फुगवलेला टायर वेगवान भासतो, कारण तो हादरे देतो. खडबडीत रस्त्यावर तो प्रत्येक खड्यावर उडतो आणि पायांची मेहनत हादऱ्यांत वाया जाते. रुंद, किंचित मऊ टायर खडा पोटात घेऊन पुढे सरकतो. हे समजावून सांगण्याचा मला अजून कंटाळा आलेला नाही. बाकी बहुतेक गोष्टींचा आला आहे.

३. हवा भरायचा उभा पंप धाकट्या भावाला द्यावा. "दादा, टायर आहेत की उशा?" असे तो चारचौघांत विचारत असे. पंप त्याने खुशाल वापरावा. मुलीच्या टायरांना मात्र लावू नये.

४. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, म्हणून माझे नटबोल्ट आवळायचे पाने सायकल दुरुस्त करणाऱ्या मित्राला आधीच दिले. तो म्हणाला, "सर, ठेवतो. लागले की न्या परत." मी बरे म्हटले.

५. गिअरविषयी. पुढे चौतीस दाते, मागच्या सर्वांत मोठ्या चक्रालाही चौतीस. म्हणजे पायडलचा एक फेरा, चाकाचा एक फेरा. मुलगी म्हणाली, "बाबा, एवढं हलकं? मी काय म्हातारी झालेय?" घराजवळच्या चढावर, ताज्या पायांनी निवडताना सगळेच शूर असतात. गिअर दिवसभर सायकल चालवल्यावर, थकलेल्या पायांनी निवडावे.

६. एप्रिलमधल्या हजार किलोमीटरच्या फेरीत ती उतरणार आहे. डॉक्टरांच्या अंदाजाने मी तोवर नसेन. त्या कारणाने तिने माघार घेऊ नये. नातेवाईक बोलतील, बोलू द्यावे. पहिल्या टप्प्यात एकही चढ नाही. तरीही तिला ते हलके गिअर लागेल. मी गेले वर्षभर ते सपाटीवरच वापरतो आहे. लाजू नये. पाय फिरत ठेवावेत.

हे सर्व वाचून, समजून मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली व त्यांनी माझ्यासमोर केली.

(सही) लिहून ठेवणार, मुलीचे बाबा

साक्षीदार:
(सही) सायकल दुरुस्त करणारा मित्र
(सही) शेजारच्या दंतवैद्य बाई

स्थळ: स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक: ११ जानेवारी